वीस मिनिटांचं विमान आणि बाबांच्या निशाण्या

आमच्या घरात भरतीचं पाणी यायचं. त्यासाठी पाऊस लागत नसे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला वसईतल्या पाचूबंदरच्या खालच्या ओळीतल्या घरांत ते उंबरा ओलांडून सरळ आत शिरायचं. आई स्टोव्ह उचलून खाटेवर ठेवायची. माझ्या वह्या-पुस्तकांची पिशवी बारा महिने भिंतीच्या खिळ्यालाच टांगलेली असायची. एक खोली, आम्ही तिघं आणि ओल्या जाळ्यांचा वास. आई मासळीची पाटी घेऊन होळीला, म्हणजे होळीच्या बाजाराला, जायची. तिथल्या वाडीवाल्या बायका बदल्यात कधी दुधी द्यायच्या, कधी केळी. केळी आली की आठवडाभर दोन्ही वेळेला केळ्याचीच भाजी. आजही कुणी कच्च्या केळ्याचे काप आग्रहाने वाढले की मी ताट बाजूला सारतो. लोकांना वाटतं नखरे करतो. वाटू दे.

बाबा तांडेल होते. बोट नाखवाची, म्हणजे मालकाची. पण ती समुद्रात कुठे न्यायची, जाळं कुठे सोडायचं आणि परत कुठल्या वाटेने आणायची, हे तांडेल ठरवतो. बाबांना सही करता येत नव्हती. किनारा मात्र त्यांना पाठ होता, तोही जमिनीवरून नाही, पाण्यावरून. चर्चचा मनोरा किल्ल्याच्या बुरुजाच्या बरोब्बर डोक्यावर आला, आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूला ताडांची रांग डोंगराच्या खाचेत बसली, की बोटीखाली खडक आणि त्या खडकाला घोळ मासा. अशा जुळणीला ते निशानी म्हणायचे. त्यांच्याकडे अकरा निशाण्या होत्या. चार त्यांच्या बापाने दिलेल्या, सात त्यांनी स्वतः शोधलेल्या. त्या ते कुणाला सांगत नसत. जागा जवळ आली की खलाशांनासुद्धा किनाऱ्याकडे पाठ करून बसवायचे. खलाशी चेष्टा करायचे, “तांडेल, बायकोला तरी बघू देतो का रे तोंड?” बाबा म्हणायचे, “तिलाच विचारून बघ.”

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो तेव्हा नाखवाने बोटीवर जीपीएस बसवला. छोटासा डबा; जागेवर पोचून बटण दाबलं की ती जागा त्यात साठून राहायची. वर इंग्रजी अक्षरं. बोटीवर ती कुणालाच वाचता येईनात. नाखवा स्वतः आमच्या दारात आला, चहा प्यायला, आणि म्हणाला, “तांडेल, तुझा पोरगा शिकतोय ना? पाठव त्याला सुट्टीच्या दिवशी.”

मला काय आनंद झाला होता! आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड बघणारा पहिला मी. मी हे वारंवार सांगतो आणि लोक कंटाळतात, तरी सांगणार. त्या दिवसापर्यंत माझं शिक्षण म्हणजे घरातला खर्च होता. आता कुणालातरी त्याची गरज पडली होती. आणि गरज पडली ती कुणाला, तर नाखवाला.

पहिल्या जागेवर बाबांनी बोट थांबवली आणि माझ्याकडे नुसतं बघत राहिले. त्यांनी मला किनाऱ्याकडे पाठ करायला सांगितलं नाही, पण ‘दाब’ असंही म्हणेनात. मीच म्हणालो, “बाबा, धुक्यात निशाणी दिसत नाही. हे यंत्र आहे. यंत्र चुकत नाही.”

बाबा म्हणाले, “इथं.”

मी बटण दाबलं. एका मोसमात अकराच्या अकरा जागा मी त्या डब्यात भरल्या. पुढच्या मोसमात बोटींना फादरांचा आशीर्वाद झाला, पताका लागल्या, आणि नाखवा हसत हसत बाबांना म्हणाला, “तांडेल, तू आता आराम कर.” सुकाणूवर नाखवाचा भाचा बसला. त्याला निशाणी कशाशी खातात हे माहीत नव्हतं. डब्यावरच्या बाणामागे बोट नेली की झालं.

बाबा धक्क्यावर बसून दुसऱ्यांची जाळी शिवू लागले. आई होळीला दोनदा जाऊ लागली, सकाळी आणि संध्याकाळी. त्यातून माझी पदवी झाली. बीएस्सी, भौतिकशास्त्र. निकालाच्या दिवशी बाबांनी कागद उलटा धरून बघितला, घडी घालून परत दिला आणि सुई-दोरा हातात घेतला. बटणाबद्दल आम्ही दोघं कधीही काही बोललो नाही.

पुढचं सगळं लोकांना सांगायला बरं वाटतं तसं झालं. नोकरी लागली. बोळिंजला बाराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि आई-बाबांना तिथे आणलं. बाराव्या मजल्यावर भरती येत नाही. नळालाही पाणी येत नाही, ते टँकरने येतं, पण तक्रार करायची कुणाकडे? सोसायटीच्या सभेत मी एकदा म्हणालो की मी मच्छीमाराचा मुलगा आहे, पाण्याची किंमत मला माहीत आहे. तेव्हापासून जिन्यात बोंबलाचा वास आला की आधी आमचीच बेल वाजते. खरं म्हणजे तो वास तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांकडून येतो.

संगणकावर विमान उडवायचं खूळ माझ्या डोक्यात इथेच शिरलं. खेळ म्हणा हवं तर, पण त्यात कुणाला मारायचं नसतं आणि कुणाला हरवायचंही नसतं. बसायचं आणि उडवायचं. सगळ्या जगाचा नकाशा आत भरलेला असतो. लोक त्यात बर्फाच्या डोंगरांवरून जातात. मी गेली काही वर्षं रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की जुहूच्या धावपट्टीवरून एक छोटं एका पंख्याचं विमान उचलतो आणि किनारा धरून उत्तरेला येतो. मढ, गोराई, उत्तन. मग खाडीचं रुंद तोंड, उजव्या हाताला रेल्वेचा पूल काडीएवढा. खाडी ओलांडली की किल्ला, पाचूबंदर, पुढे वाड्यांच्या हिरव्या चौकटी, सुरूची झाडं, कळंब, अर्नाळा. तिथे बेटाला एक वळसा घालायचा आणि परत. वीस-पंचवीस मिनिटांत सगळं आटोपतं. हवा मी नेहमी स्वच्छ ठेवतो, वेळ दुपारी चारची, वारा नाही. सगळा आठवडा लोकांचं ऐकण्यात जातो. या वीस मिनिटांत वारासुद्धा मला विचारून सुटतो. मिठागरं आरशासारखी चमकतात. विमान जरासं कलंडवलं की आपलं गाव पंखाच्या टोकाखालून हळूहळू सरकतं. ज्या घरात पाणी शिरायचं, त्याच्यावरून मी आरामात जातो.

एक मात्र खुपायचं. त्या नकाशात पाचूबंदर नाही. म्हणजे जमीन आहे, पण धक्का नाही. आमच्या घरांच्या जागी गर्द झाडी. बोटींच्या जागी पांढऱ्या शिडांच्या श्रीमंती होड्या. चर्चच्या जागी लाल उतरत्या छपराचं कुणाचंतरी घर. ज्यांनी हा नकाशा केला त्यांच्या यंत्राने वरून फोटो बघितला आणि ठरवलं की इथे विशेष काही नाही. नाखवानेही आमच्याबद्दल असंच ठरवलं होतं, पण त्याने निदान आमच्या घरी चहा तरी घेतला होता.

आईला एकदा बोलावून दाखवलं. ती म्हणाली, “माझं माहेर दाखव.” तिचं माहेर अर्नाळ्याचं. नेलं. तिथे नुसती वाळू. आई बघत राहिली आणि म्हणाली, “माझा भाऊ कधीचा बोलतो, सगळं इकायचं हाय. इकलं वाटतं.” आणि पोळ्या लाटायला गेली.

बाबा कधी जवळ येत नसत. खिडकीत बसून टॉवरांच्या फटीतून जेवढा समुद्र दिसतो तेवढा बघायचे. एका रविवारी मात्र माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. माझं विमान किल्ल्यावर होतं.

“एवढ्या वरून काय दिसते? खाली घे.”

मी खाली घेतलं.

“अजून खाली. बोटीवरून दिसते तेवढं.”

पाण्याला टेकलं की साधं विमान फुटतं आणि खेळ संपतो. म्हणून मी दुसरं विमान निवडलं, चाकांऐवजी तराफे असलेलं, पाण्यावर उतरणारं. वसईच्या समोर समुद्रात ते उतरवलं आणि पंख्याचा वेग कमी केला. विमान होडीसारखं डुलत चालू लागलं. बाबा दुसरी खुर्ची ओढून बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर हसू आलं. “आता झाली बोट,” म्हणाले. “डावीकडं घे. अजून. सरळ. पहिली निशानी दाखवतो तुला.”

ते मला निशाणी दाखवणार होते, स्वतःहून.

आम्ही तासभर फिरलो. “मनोरा कुठं गेला? हां, तो असेल. नाय. पुढं घे. मागं घे.” मनोरा बुरुजावर चढेना. ताड खाचेत बसेनात. बाबा स्क्रीनच्या इतके जवळ गेले की काचेला नाक लागलं. दुसरी निशाणी बघितली, तिसरी बघितली. एकही जुळली नाही. शेवटी ते उठले आणि म्हणाले, “इसरलो मी.”

“बाबा, तुम्ही विसरला नाहीत. नकाशा चुकीचा आहे. यात चर्चच नाही, तर मनोरा कुठून येणार?”

“यंत्र चुकत नाय,” बाबा म्हणाले. “तूच बोलला होतास.”

त्या आवाजात टोमणा असता तर मी सहन केला असता. टोमणा नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

पुढचे दोन महिने वाईट गेले. बाबा आठवड्यातून दोनदा बस पकडून पाचूबंदरला जायचे, जुन्या लोकांत बसायचे. ते बंद केलं. विचारलं तर म्हणायचे, कंटाळा आला. मग एकदा आईला म्हणाले ते मी स्वयंपाकघराच्या दारातून ऐकलं. “नाखवानं काढलं ते बरोबरच असेल. माझं तेव्हापन चुकत असेल. मासळी मिळायची ती नशिबानं.”

आई म्हणाली, “नशीब बावीस वर्षं त्याच जागेवर बसून ऱ्हाते व्हय?”



मी हातातला पेला तसाच ठेवून परत फिरलो. या माणसाची रोजी आधी मी बटण दाबून घालवली, तेव्हा निदान आपण बरोबर होतो एवढं तरी त्याच्याकडे शिल्लक होतं. आता मौज म्हणून आणलेल्या एका खेळाने तेही गेलं. आणि दोन्ही वेळेला मध्ये होतो मी, घरातला शिकलेला.

मी त्यांना खऱ्या किनाऱ्याचे फोटो दाखवले. “फोटोत सगळं सपाट दिसते,” म्हणाले. बोटीवरून नेतो म्हणालो, तर अंगावरच आले. “लोकांसमोर चुकू काय?”

मग एकच रस्ता उरला. या खेळात आपल्याकडच्या वस्तू नकाशावर बसवायची सोय असते. ती शिकायला मला काही आठवडे लागले. शिकवणारे सगळे व्हिडिओ परदेशी मंडळींचे, आपापल्या टुमदार गावातला पवनचक्कीचा मनोरा कसा बसवावा हे सांगणारे. मी आधी ती लाल छपराची घरं उडवली. मग चर्च उभं केलं. उंची अंदाजाने दिली, समोरच्या दुकानाच्या मजल्यांवरून. बुरूज केला, ताडांची रांग केली. तराफ्यांचं विमान पाण्यावर ठेवलं आणि मुद्दाम बाबांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर स्क्रीन चालू सोडून भाजी चिरायला बसलो.

ते दोनदा नुसते गेले. तिसऱ्यांदा थांबले.

“हे काय केलंस?”

“आपलं चर्च.”

“हे आपलं चर्च?” बाबांचा आवाज चढला. बऱ्याच दिवसांनी. “कोनी सांगितलं तुला? हा मनोरा ठेंगना हाय. इथं बोट असली का क्रूस बुरुजाच्या वर पूर्ण दिसला पायजे, खालच्या कठड्यासकट. तुझा क्रूस बुडला पार. दोन वाव कमी हाय हा.”

वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंतचं अंतर. ढोबळ धरलं तर सहा फूट.

“तुम्हाला नक्की आठवतं?”

“मला विचारतोस?” बाबा म्हणाले. “बीएस्सी ना तू? जा, मोज.”

गेलो. दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारली आणि सकाळच्या उन्हात चर्चच्या अंगणात एक काठी उभी करून तिची सावली मोजली, मग मनोऱ्याची सावली मोजली. शाळेत शिकवतात तेच गणित. जाणारे-येणारे थांबून बघत होते. एक बाई म्हणाली, “काय रे, इकत घेतोस काय?” फादर बाहेर आले, त्यांनी टेपचं दुसरं टोक धरलं आणि काही विचारलं नाही. मी हिशेब तीनदा केला. माझा मनोरा बारा फुटांनी ठेंगणा होता. बाराला एखादं बोट कमी.

घरी येऊन बाबांना सांगितलं. मला वाटलं होतं त्यांना आनंद होईल. त्यांनी कागद हातात घेतला, माझ्या आकड्यांकडे बघितलं आणि म्हणाले, “बोट कमी कसं? तुझी काठी वाकडी असेल.”

त्या दिवसापासून ते तांडेल झाले आणि मी खलाशी. माझ्या मोटारसायकलवर मागे बसून त्यांनी मला सगळ्या किनाऱ्याने फिरवलं. हा ताड मोज. या बंगल्याची भिंत तेव्हा नव्हती, काढ. या टाकीचा रंग पिवळा होता. “असा कसा शिकलास रे तू, साधा ताड सरळ लावता येत नाय?” रोज जेवणानंतर एक तास, आणि आई मागून, “आता त्याला झोपू द्या, उद्या त्याला तुमच्यासारखं नुसतं बसायचं नाय.” मनोऱ्याची उंची दुरुस्त केल्यावर पहिली निशाणी जागेवर बसली. दुसरी त्यानंतर पंधरा दिवसांनी. ते दर वेळी “इथं” म्हणायचे आणि मी विमान थांबवायचो.

अशाच एका “इथं” नंतर मी बोललो. इतक्या वर्षांचं होतं, नीट जमलं नाही. म्हणालो, “बाबा, मी तेव्हा बटण दाबायला नको होतं.”

ते स्क्रीनकडेच बघत होते. “तू नसतं दाबलंस तर दुसऱ्या कोनी दाबलं असतं,” म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, “पन दाबलंस तू.”

एवढंच. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत आणि मीही विचारलं नाही. ज्यांना अशा ठिकाणी गळ्यात पडून रडायची सवय असेल त्यांनी खुशाल रडावं. आम्ही पुढच्या निशाणीकडे वळलो.

दहावी निशाणी अडली. अर्नाळ्याच्या समोर पाण्यात उभं राहिलं की जीवदानीच्या डोंगराची खाच दिसली पाहिजे. दिसेना. मधे बोळिंजच्या इमारती. मी एकेक इमारत निवडून तिचं नाव बघत गेलो. खाच झाकत होती ती नेमकी आमची आणि तिच्या शेजारची. नकाशात या जागी खोटं काहीच नव्हतं. समुद्रावरूनही आता तसंच दिसत असणार. ज्या फ्लॅटचा मी एवढा तोरा मिरवला, तो माझ्या बापाच्या निशाणीसमोर उभा होता.

“या दोन काढता येतात,” मी म्हणालो. “इथल्या इथे. एका बटणात.”

“काढ,” बाबा म्हणाले. जरासुद्धा थांबले नाहीत.

आई दारात उभी होती. “आनि मी जेवन कुठं करू?”

“एक मिन्ट थांब गं.”

मी बटण दाबलं. आमची इमारत गेली, शेजारची गेली, आणि मागे डोंगर मोकळा झाला, मधोमध खाच. बाबांनी माझा हात बाजूला केला आणि विमान वळवायचा दांडा स्वतः धरला. विमान हळूहळू वळलं. खाच सरकत सरकत सुरूंच्या टोकावर येऊन बसली. “इथं,” ते म्हणाले, आणि बराच वेळ दांड्यावरचा हात काढला नाही.

अकरावी निशाणी एका उंडीच्या झाडाची होती. ते झाड रस्त्यात गेलं. त्याची उंची कुणालाच माहीत नाही आणि बाबा अंदाजाने सांगायला तयार नाहीत. म्हणाले, खोटं लावू नको, ऱ्हाऊ दे.

नाखवाच्या बोटीवर आता तिसरा की चौथा डबा आहे आणि भाच्याचा मुलगा सुकाणूवर बसतो. बाबांना कुणी परत बोलावलं नाही, बोलावणारही नाही. मी अजूनही रविवारी उडतो, पण एकटा नाही, आणि उंचावरूनही फारसा नाही. बाबा पुन्हा आठवड्यातून दोनदा पाचूबंदरला जाऊन बसतात. वसई-अर्नाळ्याच्या त्या नकाशात त्यांच्या अकरा निशाण्यांपैकी दहा बरोबर जागेवर आहेत, आणि त्या बरोबर होत्या हे बाबांना माहीत आहे.